रुग्णवाहिका येण्याआधीची मिनिटे : कोणाचे हृदय थांबले तर जवळच्या माणसाने काय करावे?

बेंगळुरू : नेलमंगलाहून दासनपुऱ्याच्या दिशेने निघालेल्या बेंगळुरू महानगर परिवहन महामंडळाच्या बसचा चालक ६ नोव्हेंबर २०२४ रोजी बस चालवत असतानाच आसनावर कोसळला. चालत्या बसने शेजारच्या दुसऱ्या बसला घासले. मागे उभा असलेला वाहक क्षणार्धात पुढे झेपावला, त्याने चाक हाती घेतले आणि बस रस्त्याच्या कडेला सुरक्षित थांबवली. प्रवासी बचावले. चाळिशीतील त्या चालकाला जवळच्या रुग्णालयात नेण्यात आले, मात्र हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने त्याचा मृत्यू झाल्याचे डॉक्टरांनी जाहीर केले. बसमधील कॅमेऱ्याने टिपलेले हे दृश्य पुढील काही दिवस देशभर पाहिले गेले आणि वाहकाच्या प्रसंगावधानाचे सर्वत्र कौतुक झाले.

चालक कोसळला तर ब्रेक कुठे असतो, हे बसच्या वाहकाला ठाऊक असते. परंतु समोरच्या माणसाचे हृदयच थांबले तर हात कुठे ठेवायचे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. घर, कार्यालय, रेल्वेचा डबा, व्यायामशाळा किंवा लग्नाचा मांडव, असा प्रसंग कुठेही उद्भवू शकतो. त्या वेळी डॉक्टर सहसा हजर नसतो. हजर असतात ते नातेवाईक, सहकारी किंवा अनोळखी माणसे. पहिल्या काही मिनिटांत रुग्णाचे भवितव्य ठरते आणि ती मिनिटे याच माणसांच्या हाती असतात.

घड्याळाचा हिशेब

हृदय रक्त पुढे ढकलण्याचे थांबले की काही सेकंदांतच माणूस शुद्ध हरपतो. मेंदूला प्राणवायूचा साठा करून ठेवता येत नाही. रक्तपुरवठा बंद झाल्यापासून साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशींना कायमची इजा होण्यास सुरुवात होते. कोणतीही मदत न मिळाल्यास रुग्ण वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते, असे आपत्कालीन वैद्यकशास्त्र सांगते. छातीवर दाब देणे लगेच सुरू झाले तर ही घसरण मंदावते.

याच्या शेजारी शहराचे घड्याळ ठेवून पाहावे. वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या टॉमटॉम या संस्थेच्या २०२४ च्या निर्देशांकानुसार बेंगळुरूत १० किलोमीटर अंतर कापण्यास सरासरी ३४ मिनिटे १० सेकंद लागत होते. पुण्यासाठी हाच आकडा ३३ मिनिटे २२ सेकंद होता. रुग्णवाहिकेला वाट मिळते आणि ती नेहमीच १० किलोमीटरवरून येते असेही नाही. तरीही सिल्क बोर्ड चौकातील संध्याकाळ किंवा पुण्यातील विद्यापीठ चौकातील सकाळ ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना चार मिनिटांत मदत पोहोचण्याची अपेक्षा किती धरावी हे सांगावे लागणार नाही. गावाकडे रस्ता मोकळा असला तरी अंतर जास्त असते.

म्हणजे रुग्णवाहिका बोलावणे अत्यावश्यक आहे, पण ती येईपर्यंत नुसती वाट पाहणे पुरेसे नाही.

दोन वेगळे प्रसंग, दोन वेगळी उत्तरे

बोलीभाषेत ‘अटॅक आला’ या दोन शब्दांत सारे काही येते. वैद्यकीयदृष्ट्या मात्र यात दोन वेगळ्या घटना आहेत आणि जवळच्या माणसाने काय करायचे, हे त्या फरकावरच ठरते.

पहिली घटना हृदयविकाराच्या झटक्याची. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकते आणि त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. हृदय धडधडत असते, रुग्ण बहुधा शुद्धीत असतो, बोलू शकतो, वेदना सांगू शकतो. घरातील पाइप तुंबावा, तसा हा प्रकार.

दुसरी घटना हृदयक्रिया अचानक बंद पडण्याची, म्हणजेच कार्डिॲक अरेस्टची. येथे बिघाड होतो तो प्रामुख्याने हृदयाच्या विद्युत यंत्रणेत. हृदयाचे खालचे कप्पे नियमित आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात. रक्त पुढे जात नाही. रुग्ण जागीच कोसळतो, हाकेला ओ देत नाही आणि त्याचा श्वास थांबतो किंवा विचित्र होतो. हा प्रकार घराची वीज जाण्यासारखा.

झटक्यामुळे हृदय बंद पडू शकते, म्हणून पहिला प्रसंग कोणत्याही क्षणी दुसऱ्यात बदलू शकतो. ढोबळ नियम असा : रुग्ण शुद्धीत असेल तर त्याला लवकरात लवकर रुग्णालयात पोहोचवायचे. रुग्ण बेशुद्ध असेल आणि नीट श्वास घेत नसेल तर त्याला आहे तेथेच आडवे करून छातीवर दाब देण्यास सुरुवात करायची.

रुग्ण शुद्धीत असताना

छातीच्या मध्यभागी जडपणा, आवळल्यासारखी किंवा जळजळीसारखी वेदना, ती डाव्या हाताकडे, दोन्ही खांद्यांकडे, पाठीत, मानेत किंवा जबड्यात पसरणे, दरदरून घाम, धाप, मळमळ आणि कारण नसताना दाटून येणारी भीती ही झटक्याची परिचित लक्षणे आहेत. चित्रपटांत दिसते तसे छाती घट्ट धरून कोसळणे प्रत्येक वेळी घडत नाही. स्त्रियांमध्ये, वयोवृद्धांमध्ये आणि मधुमेहींमध्ये वेदना सौम्य असू शकते किंवा नसतेही. केवळ धाप, थकवा, उलटीची भावना किंवा पाठदुखी एवढेच जाणवते.

मराठी घरांत अशा वेळी सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य ‘पित्त झाले असेल’ किंवा ‘गॅस वर चढला असेल’ हे होय. मग ओवा चावला जातो, सोडा घेतला जातो, पाठ चोळली जाते आणि ‘सकाळपर्यंत पाहू’ असे ठरते. छातीतील अस्वस्थता काही मिनिटांत थांबत नसेल, किंवा तिच्यासोबत घाम व धाप असेल, तर ती हृदयाचीच आहे असे गृहीत धरून पावले उचलावीत. ईसीजी काढल्यानंतर पित्तच निघाले तर नुकसान काही तासांचे. उलट घडले तर हृदयाचा स्नायू गमवावा लागतो.

रुग्णाला चालवू नये, जिने चढ-उतार करायला लावू नयेत आणि स्वतः वाहन चालवू देऊ नये. अर्धवट बसलेल्या अवस्थेत, पाठीला आधार देऊन ठेवावे. घट्ट कपडे सैल करावेत. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून तेथील सूचना ऐकाव्यात. ॲस्पिरिनची गोळी चघळणे अनेक रुग्णांना उपयोगी ठरते, परंतु ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटातील रक्तस्राव किंवा पक्षाघाताची शंका असल्यास ती घातक ठरू शकते. म्हणून दूरध्वनीवरील वैद्यकीय कर्मचाऱ्याला विचारूनच ती द्यावी. जिभेखाली ठेवायची गोळी दुसऱ्या कोणाच्या औषधांतून काढून देऊ नये, कारण रक्तदाब आधीच घसरला असेल तर ती तो आणखी खाली आणते. शक्य असल्यास घराजवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्रंदिवस ईसीजी आणि हृदयरोगाचे उपचार मिळतात, हे आधीच माहीत करून ठेवावे.

कन्नड चित्रपट अभिनेते पुनीत राजकुमार यांचे २९ ऑक्टोबर २०२१ रोजी बेंगळुरूत निधन झाले, तेव्हा ते अवघे ४६ वर्षांचे होते. व्यायामानंतर अस्वस्थ वाटू लागल्याने ते आधी कुटुंबाच्या डॉक्टरांकडे आणि तेथून रुग्णालयात गेले होते. नियमित व्यायामासाठी ओळखल्या जाणाऱ्या कलावंताच्या या मृत्यूने कर्नाटकाला धक्का बसला. पुढील अनेक दिवस जयदेव हृदयरोग संस्थेसह शहरातील रुग्णालयांत तपासणीसाठी रांगा लागल्या.

त्यांच्याच नावाने कर्नाटक सरकारने ‘हृदय ज्योती’ योजना सुरू केली. तालुका पातळीवरील रुग्णालयांत रुग्णाचा ईसीजी काढला जातो, तो तंत्रज्ञानाच्या साह्याने काही मिनिटांत तपासला जातो आणि जयदेवसारख्या मोठ्या केंद्रातील तज्ज्ञांचे मत घेतले जाते. झटका निश्चित झाल्यास गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेस हे महागडे इंजेक्शन तेथेच मोफत दिले जाते. पुढील उपचारांसाठी रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवले जाते. झटका आलेल्या आणि वेळेत पोहोचलेल्या रुग्णासाठी ही व्यवस्था मोलाची आहे. मात्र ज्याचे हृदय वाटेतच किंवा घरातच थांबले, तो त्या इंजेक्शनपर्यंत पोहोचायचा असेल तर मधल्या काळात कोणाला तरी त्याच्या छातीवर हात ठेवावे लागतात.

कोसळलेल्या माणसाची तपासणी : दहा सेकंद

कोणी अचानक कोसळल्यास सर्वप्रथम आजूबाजूची जागा सुरक्षित आहे का, हे पाहावे. रस्त्यावरील वाहने, उघडी वीजतार किंवा पाणी यांत मदतनीसही सापडू शकतो. त्यानंतर रुग्णाचे दोन्ही खांदे थोपटून मोठ्याने हाक मारावी. ओ आली नाही, डोळे उघडले नाहीत, हात हलला नाही, तर छाती आणि पोट नियमित वर-खाली होते आहे का, हे पाहावे. यासाठी दहा सेकंदांहून अधिक वेळ घालवू नये. सर्वसामान्य माणसाने मनगटाची नाडी शोधत बसू नये. घाबरलेल्या अवस्थेत स्वतःच्याच बोटांतील ठोके रुग्णाचे वाटू शकतात.

येथे एक फसगत नेहमी होते. हृदय थांबल्यानंतरही पहिली काही मिनिटे अनेक रुग्ण अंतराअंतराने तोंड उघडून आचके देतात, घशातून घरघर किंवा घोरण्यासारखा आवाज येतो. ‘श्वास चालू आहे’ असे समजून लोक थांबतात. हा श्वास नव्हे. मेंदूच्या तळाकडून उमटणारी ती अखेरची प्रतिक्षिप्त हालचाल असते. त्याचप्रमाणे कोसळताच काही सेकंद हातपाय झटकले जाऊ शकतात आणि पाहणाऱ्याला ती फिट वाटते. मग कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात मोलाची मिनिटे जातात. झटके थांबल्यावरही रुग्ण ओ देत नसेल आणि श्वास नियमित नसेल, तर हृदय थांबले आहे असेच समजावे.

हात कुठे, दाब किती

एका ठरावीक व्यक्तीकडे बोट दाखवून ‘तुम्ही १०८ लावा’ असे सांगावे. घोळक्याला उद्देशून ‘कोणीतरी फोन करा’ म्हटले, तर प्रत्येकाला दुसऱ्याने केला असेल असे वाटते. एकटेच असल्यास मोबाइलचा ध्वनिक्षेपक चालू करून तो जमिनीवर ठेवावा आणि दोन्ही हात मोकळे ठेवावेत. देशात ११२ हा एकत्रित आपत्कालीन क्रमांक आहे. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोव्यासह अनेक राज्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक चालतो. पत्ता सांगताना परिसर, मुख्य रस्ता आणि ठळक खूण सांगावी. रुग्ण बेशुद्ध आहे आणि श्वास घेत नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगावे. परप्रांतात राहणाऱ्याने स्थानिक भाषेची अडचण वाटल्यास फोन शेजाऱ्याच्या किंवा सुरक्षारक्षकाच्या हाती द्यावा. गृहसंकुल असेल तर एकाला फाटकावर पाठवावे आणि दुसऱ्याने लिफ्ट तळमजल्यावर धरून ठेवावी.

त्याच वेळी रुग्णाला कठीण, सपाट जागेवर उताणे झोपवावे. गादीवर दिलेला दाब गादीतच जिरतो. रुग्णाच्या बाजूला गुडघ्यांवर बसावे. छातीच्या मधोमध असलेल्या उभ्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवावा, त्यावर दुसरा हात ठेवून बोटे एकमेकांत गुंफावीत. कोपरे ताठ ठेवावीत, खांदे हातांच्या बरोबर वर आणावेत आणि शरीराचा भार वापरून सरळ खाली दाबावे.

प्रौढ व्यक्तीची छाती किमान ५ सेंटिमीटर, परंतु ६ सेंटिमीटरपेक्षा अधिक नाही, इतकी खाली गेली पाहिजे. वेग मिनिटाला १०० ते १२० दाबांचा असावा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी, कारण त्याच क्षणी हृदयात पुन्हा रक्त भरते. हात मात्र उचलू नयेत. मोठ्याने ‘एक, दोन, तीन’ असे मोजत राहिल्याने लय टिकते. हे काम दमवणारे आहे. दोन मिनिटांतच दाब उथळ होऊ लागतात, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा आणि बदलताना खंड काही सेकंदांचाच असावा. गर्दीचा खरा उपयोग येथेच होतो.

रुग्ण हालचाल करू लागेपर्यंत आणि नियमित श्वास घेऊ लागेपर्यंत, किंवा प्रशिक्षित पथक ताबा घेईपर्यंत थांबू नये.

तोंडाने श्वास द्यावा का, हा प्रश्न अनेकांना मदतीपासून रोखतो. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांत सर्वसामान्य नागरिकांसाठी केवळ छातीवर दाब देण्याची पद्धत सुचवण्यात आली आहे. अचानक कोसळलेल्या प्रौढाच्या रक्तात पहिली काही मिनिटे प्राणवायू शिल्लक असतो. गरज असते ती ते रक्त मेंदूपर्यंत पोहोचवण्याची. लहान मुले, पाण्यात बुडालेल्या किंवा गुदमरलेल्या व्यक्ती यांच्याबाबत मूळ अडचणच प्राणवायूची असते. तेथे प्रशिक्षण घेतलेल्याने ३० दाबांनंतर २ श्वास हे प्रमाण ठेवावे. श्वास देणे जमत नसेल तर निदान दाब तरी द्यावेत.

ही पद्धत प्रसिद्ध झाली, त्यालाही आता सहा दशके उलटली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवेन, जेम्स ज्यूड आणि गाय निकरबॉकर यांनी १९६० मध्ये छाती न उघडता बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे प्रसिद्ध केले. यांपैकी कौवेनहोवेन हे विद्युत अभियंता होते. त्यापूर्वी थांबलेले हृदय चालवण्यासाठी शल्यविशारदाला छाती उघडून ते हाताने दाबावे लागे. नवी पद्धत कोठेही आणि केवळ दोन हातांनी करता येण्याजोगी होती. उत्तम दिलेला दाबदेखील नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या पाव ते एक तृतीयांशच प्रवाह निर्माण करतो. परंतु मेंदू तगून राहण्यासाठी तेवढाही पुरू शकतो.

मदतीच्या नावाखाली होणाऱ्या चुका

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखर किंवा औषध घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तोंडावर पाणी मारणे, तळपाय चोळणे, उठवून बसवणे यांत वेळ जातो. नाडी-श्वास नसलेल्या रुग्णाला उचलून रिक्षाच्या मागच्या आसनावर दुमडून रुग्णालयाकडे धावणे ही सर्वांत सहज घडणारी चूक आहे, कारण त्यात काहीतरी केल्याचे समाधान असते. पण त्या प्रवासात दाब देता येत नाही आणि मेंदूची मिनिटे निघून जातात. रुग्णवाहिका मिळणारच नाही अशी स्थिती असेल, तर वाहन येईपर्यंत तरी दाब चालू ठेवावा आणि वाहनात रुग्णाला शक्य तितके सपाट ठेवावे.

समाजमाध्यमांतून फिरणारा आणखी एक संदेश म्हणजे ‘एकटे असताना झटका आल्यास जोरजोराने खोकत राहा’. सर्वसामान्यांसाठी असा कोणताही उपचार अमेरिकन हार्ट असोसिएशनसारख्या संस्थांनी मान्य केलेला नाही. एकट्या माणसाने खोकण्यात वेळ घालवण्यापेक्षा १०८ लावावा, दाराची कडी काढून ठेवावी आणि शेजाऱ्याला हाक मारावी.

भिंतीवरची पेटी

विमानतळ, मोठी संगणक संकुले किंवा मॉल यांच्या भिंतीवर हृदय आणि विजेचे चिन्ह असलेली पेटी काही वेळा दिसते. तीत एईडी, म्हणजे ऑटोमेटेड एक्स्टर्नल डिफिब्रिलेटर हे यंत्र असते. थरथरणाऱ्या हृदयाला नियंत्रित विद्युत धक्का देऊन त्याची लय पूर्ववत करण्याचे काम ते करते. दाब रक्त फिरवत ठेवतो. ‘वीज गेलेल्या’ हृदयाची वीज परत आणण्याचे काम बहुतेक वेळा या धक्क्याचे असते.

हे यंत्र वापरण्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही. झाकण उघडून ते चालू केले की यंत्र आवाजात सूचना देते. छाती उघडी व कोरडी करून दोन चिकटपट्ट्या चित्रात दाखवलेल्या जागी लावायच्या. यंत्र हृदयाची लय तपासते आणि गरज असेल तरच धक्का सुचवते. गरज नसलेल्या माणसाला ते धक्का देत नाही. तपासणी व धक्क्याच्या वेळी रुग्णाला कोणीही स्पर्श करू नये. धक्का दिल्यानंतर लगेच दाब पुन्हा सुरू करावेत.

डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्तियन एरिक्सन १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या सामन्यात मैदानावरच कोसळला. मैदानातच त्याच्या छातीवर दाब देण्यात आले, विद्युत धक्का देण्यात आला आणि तो शुद्धीवर आला. पुढे तो पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळला. या घटनेत चमत्कार नव्हता. दाब आणि धक्का दोन्ही वेळेत मिळाले, हेच त्याचे कारण.

कर्नाटकात हृदय ज्योती योजनेच्या घोषणेवेळी गर्दीच्या सार्वजनिक ठिकाणी अशी यंत्रे बसवण्याचेही सांगण्यात आले होते. यंत्र बसवले की काम संपत नाही. ते कुलूपबंद खोलीत नसावे, त्याची बॅटरी तपासलेली असावी आणि सुरक्षारक्षकापासून सफाई कर्मचाऱ्यापर्यंत प्रत्येकाला त्याची जागा माहीत असावी.

‘बरगडी मोडली तर?’ आणि ‘पोलीस विचारतील तर?’

मदतीला पुढे न येण्यामागे दोन भीती असतात. पहिली इजा करण्याची. जोरदार दाबाने, विशेषतः वृद्धांच्या, बरगडीला तडा जाऊ शकतो, हे खरे आहे. मात्र बरगडी काही आठवड्यांत जुळते. थांबलेले हृदय स्वतःहून सुरू होण्याची वाट पाहता येत नाही. रुग्ण केवळ बेशुद्ध होता आणि हृदय चालू होते असे नंतर आढळले, तरी काही दाबांनी गंभीर हानी होण्याची शक्यता अल्प असते. तो बहुधा विव्हळून किंवा हात झटकून प्रतिसाद देतो आणि तेव्हा थांबता येते.

दुसरी भीती कायद्याची. रस्ते अपघातातील जखमींना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ समाविष्ट झाले. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होणार नाही, अशी हमी त्यात आहे. ही तरतूद अपघातांपुरती आहे. परंतु संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या व्यक्तीच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेली कृती हा गुन्हा ठरत नाही, हे तत्त्व जुन्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ९२ मध्ये होते आणि ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये कायम आहे. तातडीच्या रुग्णावर उपचार करणे हे डॉक्टर व रुग्णालयांचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच स्पष्ट केले होते.

हासनची धास्ती आणि तिचा बोध

२०२५ च्या मे आणि जून महिन्यांत हासन जिल्ह्यात तरुण व मध्यमवयीन व्यक्तींच्या आकस्मिक मृत्यूंच्या बातम्या एकामागून एक येऊ लागल्या आणि राज्यभर भीती पसरली. म्हैसूर व बेंगळुरू येथील जयदेव रुग्णालयांत तपासणीसाठी लोकांची झुंबड उडाली. सरकारने जयदेव संस्थेचे संचालक डॉ. के. एस. रवींद्रनाथ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने तपासलेल्या २४ मृत्यूंपैकी २० हृदयाशी संबंधित मानले गेले, चारांची कारणे वेगळी होती. मृत्यूंत असाधारण वाढ झाल्याचे समितीला आढळले नाही. कोविड प्रतिबंधक लसीशीही त्यांचा संबंध जोडता आला नाही. मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू, मद्य आणि कुटुंबातील हृदयविकार हीच ओळखीची कारणे पुन्हा समोर आली. मृतांमध्ये रिक्षा आणि टॅक्सी चालवणाऱ्यांचे प्रमाणही लक्षणीय होते.

अहवालानंतर राज्य सरकारने रुग्णालयाबाहेरील आकस्मिक मृत्यूंची नोंद व शवविच्छेदन, तसेच हृदय ज्योतीचा विस्तार अशी पावले जाहीर केली. धास्तीने एक दिवस तपासणीच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा रक्तदाब व साखर वर्षभर आटोक्यात ठेवणे आणि घरातील दोन माणसांनी छातीवर दाब देण्यास शिकणे अधिक उपयोगाचे, हा या प्रकरणाचा बोध म्हणता येईल.

शिकवले तर लोक पुढे येतात

अनोळखी माणसे मदतीला येत नाहीत, हा त्यांचा स्वभाव आहे असे मानण्याचे कारण नाही. डेन्मार्कमध्ये २००५ पासून शालेय विद्यार्थ्यांना छातीवर दाब देण्याचे प्रशिक्षण अनिवार्य करण्यात आले. वाहनपरवान्यासाठीही ते आवश्यक ठरले. त्या देशात रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी २००१ मध्ये सुमारे २१ टक्के रुग्णांनाच उपस्थितांकडून दाब मिळाला होता. २०१० मध्ये हे प्रमाण जवळपास ४५ टक्क्यांवर गेले. त्याच काळात ३० दिवसांनंतर जिवंत असलेल्या रुग्णांचे प्रमाण ३.५ टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांपर्यंत वाढले. रुग्णालयांतील उपचारही त्या काळात सुधारले, हे खरे. पण ज्याला वाटेत दाब मिळाला, तोच त्या उपचारांपर्यंत पोहोचू शकत होता.

भारतात राष्ट्रीय वैद्यकीय विज्ञान परीक्षा मंडळाच्या वतीने ६ डिसेंबर २०२३ रोजी देशव्यापी प्रशिक्षण मोहीम सुरू झाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १३ ते १७ ऑक्टोबर २०२५ या काळात जनजागृती सप्ताह पाळला. दाब देण्याचे मूळ कौशल्य तासाभरात शिकता येते. सराव मात्र पुतळ्यावर आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करावा. जिवंत, शुद्धीतील माणसावर तो कधीही करू नये. गृहनिर्माण संस्था, महाविद्यालये, गणेश मंडळे, बस आगारे आणि व्यायामशाळा यांना असे वर्ग भरवणे अवघड नाही.

तोपर्यंत लक्षात ठेवायच्या गोष्टी तीनच आहेत. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, हे ओळखणे. १०८ किंवा ११२ लावणे. छातीच्या मध्यभागी जोरात आणि जलद दाब देत राहणे, मदत पोहोचेपर्यंत. रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेला प्रत्येक रुग्ण याने वाचतो असे नाही, बहुतेक वाचत नाहीत. पण दाब सुरूच झाला नाही, तर मदत पोहोचेपर्यंत वाचवण्याजोगे फारसे काही उरत नाही.